कपाटातला पासवर्ड

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर बाई राहतात. ३० वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. मी त्यांच्या हाताखाली शिकलेलो नाही, पण सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. गणपतीच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर फार हळू झालाय. आणि काहीही शोधायला गेलं की भलतंच पान उघडतं. जाता जाता डोकावतोस का?"

मी गेली २२ वर्षे पुण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तपकीर गल्लीतल्या एका दुकानात हाताला वळण लागले, मग स्वतःचे काम सुरू केले. 'हळू झालाय' ही तक्रार रोजचीच. बहुतेक वेळा कारण साधे निघते. कॅबिनेटमध्ये धूळ साठलेली असते, हार्डडिस्क भरत आलेली असते, रॅम कमी पडत असते. पण 'भलतंच पान उघडतं' असे कोणी म्हणाले की मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच ठेवतो. अशा वेळी यंत्र ठणठणीत असते. त्यात परक्या कोणीतरी बिऱ्हाड केलेले असते.

बाईंच्या मशीनवर बसवलेल्या प्रोग्रामांची यादी मी आधी उघडली आणि ती तारखेप्रमाणे लावली. एकाच दिवशी तीन प्रोग्राम आलेले दिसले. बाईंना तो दिवस लगेच आठवला. सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त पीडीएफमध्ये आले होते आणि त्यांना ते वर्डमध्ये हवे होते. त्यांनी शोधले, सर्वांत वर दिसला तो फुकटचा कन्व्हर्टर उतरवला, आणि नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, येस करत गेल्या. कन्व्हर्टरने काम चोख केले. त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनी काय केले, ते त्यांना कळले नाही.

त्यातल्या एकाने ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बसवले होते. त्याला दिलेली परवानगी मी उघडली आणि त्यांना मराठीत वाचून दाखवली: तुम्ही उघडाल त्या प्रत्येक साइटवरची सगळी माहिती वाचणे आणि बदलणे.

"म्हणजे बँकेचीसुद्धा?"

"हो बाई, बँकेचीसुद्धा."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला घरोघरी ऐकू येणारा प्रश्न त्यांनीही विचारला. "पण माझ्या कॉम्प्युटरात कोणाला मिळण्यासारखं आहे काय?"

बाई सोसायटीच्या खजिनदार आहेत. डेस्कटॉपवर 'सोसायटी' नावाचा फोल्डर होता. त्यात २४ फ्लॅटमालकांच्या आधार आणि पॅनच्या प्रती, भाडेकरूंचे करारनामे, सोसायटीच्या चेकचे फोटो, सगळे काही होते. मी तो फोल्डर उघडून फक्त त्यांच्यासमोर धरला. घरचा कॉम्प्युटर कधीच एकट्याचा नसतो. त्यात नातवाचा पासपोर्ट असतो, अमेरिकेतल्या मुलाचे कागद असतात, शेजाऱ्याने 'जरा प्रिंट काढून द्या' म्हणून पाठवलेले सातबारा असतात. हेर शिरतो तो या सगळ्यांच्या घरात.

हेर म्हणजे नेमका कोण

स्पायवेअर म्हणजे आपल्या नकळत आपल्या कॉम्प्युटरवर राहून माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम. त्याच्या तीन जाती मला नेहमी भेटतात. पहिली जात बाईंकडे आली तशी: आपण काय शोधतो, काय वाचतो हे टिपते आणि आपल्याला जाहिरातींच्या पानांवर वळवते. ही सर्वांत सौम्य, पण पुढच्यांसाठी वाट करून देणारी.

दुसरी जात पासवर्ड उचलणारी. तिला इन्फोस्टीलर म्हणतात. ही मशीनवर महिनोन्महिने राहत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि आपण लॉग-इन आहोत याची खूण असलेल्या कुकीज गोळा करते, पाठवून देते आणि काम संपवते. यातल्या 'लुमा' नावाच्या एकाच प्रकाराची लागण १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटरना झाल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. ती टोळी मोडायला कंपन्यांबरोबर अमेरिकेचे न्याय खाते आणि युरोपचे पोलीस यांनाही उतरावे लागले.

तिसरी जात दूरवरून मशीन चालवणारी. कीबोर्डवर काय टाइप झाले ते पाहणे, फायली उचलणे, नव्या फायली ठेवणे, कॅमेरा सुरू करणे, हे सगळे ती समोरच्या माणसाला करू देते. 'नेटवायर' हा अशांपैकी एक. तो अनेक वर्षे इंटरनेटवर उघडपणे विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याची वेबसाइट जप्त केली आणि क्रोएशियात एका संशयिताला अटक झाली.

पुण्याच्या एका खटल्याशी या नेटवायरचा संबंध आला, म्हणून तो लक्षात ठेवण्यासारखा. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. त्यानंतरच्या तपासात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत या खटल्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या घरून लॅपटॉप जप्त केला. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने त्या लॅपटॉपची प्रत तपासली. जून २०१६ मध्ये ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली फाइल उघडल्यावर नेटवायर आत शिरला आणि पुढे त्याच वाटेने लॅपटॉपवर फायली ठेवल्या गेल्या, असा या कंपनीचा फेब्रुवारी २०२१ मधला निष्कर्ष होता. पुढे तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. मी त्यातून एक तांत्रिक गोष्ट घेतो: अशा प्रोग्रामाला जसे नेता येते, तसेच आणून ठेवताही येते.

सगळ्याला 'हो' म्हणणारी यंत्रणा

पुणेकरांना याहून जवळची आठवण आहे ती कॉसमॉस बँकेची. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेला विचारते: या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? हा प्रश्न आणि त्याचे उत्तर ज्या यंत्रणेतून जाते तिला स्विच म्हणतात. हल्लेखोरांनी मालवेअरच्या आधारे या मार्गात आपला बनावट स्विच घुसवला. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचेनासे झाले आणि बनावट कार्डांवरच्या प्रत्येक मागणीला मधूनच उत्तर जाऊ लागले: हो, द्या. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी १३ कोटींहून अधिक रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळवली गेली. एकूण चोरी सुमारे ९४ कोटी रुपयांची. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

एवढ्या मोठ्या बँकेची गोष्ट आणि बाईंचा कन्व्हर्टर यांची तुलना कशी करायची, असे कोणी म्हणेल. मला मात्र दोन्हीकडे एकच जागा दुखरी दिसते. 'हो' कोण म्हणतो, आणि म्हणताना कोणी विचार करतो का? बँकेत हल्लेखोरांनी 'हो' म्हणणाराच बदलला. घरात त्याचीही गरज पडत नाही, कारण तिथे 'येस' आपणच दाबतो. पेठेतल्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला कितीही जाड अडसर असला, तरी आतून कोणी काढून दिला की तो लाकडाचा तुकडाच.

म्हणून गिऱ्हाइकाने 'चांगला अँटीव्हायरस कोणता?' असे विचारले की मी आधी विचारतो, 'तुमच्या घरात येस कोण म्हणतं?'

अँटीव्हायरसचे स्थान

अँटीव्हायरस नको असे मी कधीच म्हणणार नाही. पुण्यात दुरुस्तीचे काम करणाऱ्याने तर नाहीच. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि १९९० च्या सुमारास पुण्यात स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये तेच तेच व्हायरस सापडायचे, तेव्हा कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढून टाकणारे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातून 'क्विक हील' उभा राहिला आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा अभिमान वाटतोच.

पण घरगुती वापरासाठी विकतचाच अँटीव्हायरस हवा असे नाही. विंडोजमध्ये असलेल्या डिफेंडरचा जन्मच स्पायवेअरसाठी झाला. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस जायंट नावाच्या कंपनीचे स्पायवेअर काढणारे सॉफ्टवेअर घेतले, २००६ मध्ये त्याचा डिफेंडर झाला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस बनला. तो चालू ठेवा, अपडेट होऊ द्या, आणि दोन-तीन अँटीव्हायरस एकत्र कोंबू नका. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मशीन साफ करणारी साधने फुकट मिळतात, तीही अधिकृत.

अँटीव्हायरस हा सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. अनोळखी माणसाला तो अडवतो. पण तुम्ही खिडकीतून ओरडून सांगितले, 'सोडा त्यांना, आमच्याकडेच आलेत,' तर तो काय करणार? क्रॅक व्हर्जन टाकताना नेमके हेच होते. फुकटात विंडोज किंवा ऑफिस 'अ‍ॅक्टिव्हेट' करणारे साधन पहिली अट घालते: अँटीव्हायरस बंद करा. ज्या क्षणी पहारा सर्वांत जास्त हवा, त्याच क्षणी आपण तो घरी पाठवतो. माझ्या सुरुवातीच्या काळात मीही गिऱ्हाइकांना अशी विंडोज टाकून दिली आहे. त्याची मला खंत आहे, आणि आज कितीही आग्रह झाला तरी मी ते करत नाही. परवडत नसेल तर फुकट आणि अधिकृत असलेले लिनक्स आणि लिब्रेऑफिस घालून देतो. मराठी टायपिंग त्यातही उत्तम होते.

दोन खाती, एक पाकीट

आता बाईंकडे मी काय केले ते सांगतो, कारण कोणालाही ते अर्ध्या तासात करता येते.

आधी नेटची वायर काढली. तिन्ही प्रोग्राम आणि एक्स्टेन्शन काढले. मग डिफेंडरचे 'ऑफलाइन स्कॅन' चालवले. यात मशीन बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालत्या विंडोजआड लपणाऱ्यालाही लपायला जागा उरत नाही. तोवर बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले. संशयित मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकणे म्हणजे चोरासमोर नवे कुलूप लावणे. पासवर्ड बदलल्यावर 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हेही करायला लावले, कारण कुकी चोरीला गेली असेल तर पासवर्ड न देताही आत शिरता येते. ईमेलला दोन टप्प्यांची खातरजमा सुरू केली.

मग मुख्य काम. बाई रोज ज्या खात्याने कॉम्प्युटर उघडत, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे सर्वाधिकारी खाते होते. घरोघरी तेच असते. मी सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे जाऊन दुसरे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते तयार केले आणि त्याला लांब पासवर्ड दिला. मग बाईंचे नेहमीचे खाते 'स्टँडर्ड युजर' केले. त्यांच्या फायली, फोटो, रंग, सगळे जसेच्या तसे राहिले. फरक एवढाच की आता काही नवे बसवायचे झाले तर बहुतेक वेळा स्क्रीन काळपटते आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. नुसते 'येस' दाबून भागत नाही.

तो पासवर्ड एका पाकिटात घालून बाईंनी लोखंडी कपाटात, रेशन कार्डाच्या खाली ठेवला. मी मुद्दाम सांगितले, "टेबलाच्या खणात ठेवू नका. उठून जावं लागेल अशा ठिकाणी ठेवा."

यामुळे सगळेच थांबते असे मी म्हणणार नाही. पासवर्ड उचलणारी दुसरी जात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशिवायही काम करते, कारण ब्राउझरमध्ये साठवलेले तुमचे पासवर्ड वाचायला तुमचेच खाते पुरते. म्हणून बाईंच्या ब्राउझरमधले पासवर्ड मी त्यांच्यासमोर उघडून दाखवले. मशीनचा पिन टाकून डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली, आणि ठिपक्यांच्या जागी बँकेचा पासवर्ड जसाच्या तसा आला. बाई म्हणाल्या, "आणि मी डायरीत लिहिते म्हणून मुलगा मला रागावतो!" मी त्यांना सांगितले, डायरी कपाटात असेल तर ब्राउझरपेक्षा ती बरी. परदेशात बसलेल्या चोराचा हात कोथरूडच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. बँकेचे पासवर्ड आम्ही ब्राउझरमधून काढून टाकले.

शेवटी फायलींची खरी शेपटे दिसतील अशी सेटिंग केली. विंडोज ती मुळात लपवून ठेवते. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' नावाचा प्रोग्राम आपल्याला 'बिल.पीडीएफ' दिसतो आणि आपण तो कागद समजून उघडतो. एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केले की हा बुरखा गळून पडतो.

ज्या 'हो' पासून सावध राहायचे

गेल्या वर्ष-दोन वर्षांत मी तीन 'हो' वारंवार पाहतो आहे. ते ओळखीचे करून ठेवा.

पहिला: 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असे म्हणून एखादे पान सांगते, विंडोजची खूण असलेले बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. हे करताना आपण स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा आपल्या मशीनला देत असतो. खरी कोणतीही साइट असे कधी करायला सांगत नाही. लुमा याच वाटेने अनेक घरांत शिरला.

दुसरा: फोनवरचा गोड माणूस. सहकारनगरमधल्या एका आजोबांना 'तुमचं गॅसचं बिल थकलंय, आज तोडायला येतील' असा फोन आला. मदत करतो म्हणत त्याने त्यांच्या कॉम्प्युटरवर दूरवरून मशीन चालवणारे अ‍ॅप घ्यायला लावले. आजींना संशय आला आणि त्यांनी भिंतीतले बटणच बंद केले. माझ्या मते त्या घरातला सर्वांत चांगला अँटीव्हायरस त्या आजी आहेत. मुलगा परदेशातून मदत करायला असे अ‍ॅप वापरत असेल तर हरकत नाही. काम झाले की ते काढून टाका.

तिसरा: 'नंतर आठवण करा'. अपडेट पुढे ढकलणे हाही चोराला दिलेला होकारच आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती मशीनला सुरक्षेची वाढीव अपडेट नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतात. ते मशीन बँकेसाठी वापरत असाल तर विंडोज ११ किंवा लिनक्सचा निर्णय टाळू नका.

आणि पैसे गेलेच तर लाजू नका, मुलांची वाट पाहू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी ते गोठवता येतात. तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. मशीन फॉरमॅट करण्याची घाईही करू नका, पुरावा त्यातच असतो.

कोजागिरीच्या सुमारास बाईंचा पुन्हा फोन आला. आवाज वर्गात फळ्यासमोर असावा तसा खणखणीत होता.

"अरे, एक पान वाचत होते. एकदम स्क्रीन काळपटली आणि तो पासवर्ड मागायला लागला. मी उठले, किल्ल्या घेतल्या, कपाट उघडलं. पाकीट हातात घेतलं आणि मनात आलं, मी तर काही मागवलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय, पाकीट परत ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि येऊन 'नो' दाबलं. बरोबर ना?"

"बरोबर, बाई."